नवीन बाथरूमचं ड्रेनेज: कुठे किती मापाचा पाइप घ्यायचा

मामांच्या घरातली वरच्या मजल्यावरची बाथरूम आम्हाला सहाव्या वर्षी फोडावी लागली. आंघोळीला बसलं की चार तांबे घेईपर्यंत पाणी घोट्याशी यायचं. जाळी काढून झाली, ॲसिड ओतून झालं, तार घालून झाली. शेवटी फरशी उचलली, कोबा फोडला आणि खालचा पाइप कापून हातात घेतला. ५० मिमीचा पाइप. आतून चहूबाजूंनी साबणाचा राखाडी थर, त्यात केसांची दोरी वळलेली, आणि मधे जेमतेम अंगठा जाईल एवढं भोक उरलेलं. ट्रॅपपासून (जाळीखालची, पाणी धरून ठेवणारी वाटी) शाफ्टपर्यंत (उभे पाइप जिथून खाली जातात ती जागा) सात फुटांत दोन काटकोनी एल्बो होते. उतार मोजला तर सगळा मिळून अर्धा इंचही भरेना. बांधताना पाइपात वाचले असतील ते काही शे रुपये. फरशी, वॉटरप्रूफिंग, कोबा आणि खालच्या खोलीच्या छताचा रंग हे सगळं मात्र पुन्हा करावं लागलं.

तेव्हापासून ओळखीचं कुणी घर बांधायला काढलं की मी टाइल्सच्या आधी ड्रेनेजचं विचारते. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "ते प्लंबर बघतोय." प्लंबरने बघावंच, पण कुठे किती मापाचा पाइप पडतोय आणि का, हे घरातल्या एका माणसाला तरी ठाऊक असावं. कोबा पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

खाली जे लिहिते आहे ते ज्यांनी असं काम कधी करून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी. डोळ्यांसमोर एक साधं घर ठेवा. तळमजला आणि वर एक मजला, वरच्या बेडरूमला लागून नवीन बाथरूम, त्यात कमोड, बेसिन, शॉवर, आणि बाहेर गॅलरीत वॉशिंग मशीन.

पायरी १: पाणी शेवटी जाणार कुठे, ते आधी ठरवा

पाइपाच्या दुकानात जाण्याआधी घराबाहेर जाऊन उभे राहा. गावात भुयारी गटार आहे का सेप्टिक टँक? भुयारी गटार असेल तर कमोडचं आणि आंघोळीचं पाणी शेवटी एकाच लाइनला मिळतं. सेप्टिक टँक असेल तर आपल्याकडे सहसा दोन वाटा वेगळ्या ठेवतात. कमोडची लाइन टाकीकडे जाते. साबणाचं पाणी शोषखड्ड्याकडे, बागेकडे किंवा उघड्या गटाराकडे जातं. दोन वाटा म्हणजे शाफ्टमध्ये दोन उभे पाइप, आणि त्यांची मापंही वेगळी.

दुसरं, बाहेरच्या चेंबरची खोली टेपने मोजा. पाणी वरून खालीच जाणार, तेव्हा चेंबरमधल्या पाइपाची पातळी हा तुमचा शेवटचा बिंदू. सगळा उतार तिथून उलटा मोजत वर आणायचा असतो. तळमजल्यावरच्या बाथरूमला तर याच एका मापावर सगळं अवलंबून असतं.

पायरी २: माप मिलिमीटरमध्येच बोला

हा भाग नीट वाचा, कारण निम्मे घोटाळे इथे होतात. पूर्वी बिडाचे आणि चिनी मातीचे पाइप असायचे. त्यांचं माप आतल्या व्यासावरून सांगत. तीन इंची म्हणजे आतून ७५ मिमी, चार इंची म्हणजे आतून १०० मिमी. आज जो राखाडी पीव्हीसी पाइप मिळतो त्याचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं. बाजारात ४० मिमीला सव्वा इंची, ५० ला दीड, ६३ ला दोन, ७५ ला अडीच, ९० ला तीन, ११० ला चार आणि १६० ला सहा इंची म्हणतात. आता एखादा जुना मिस्त्री "तीन इंची टाकू" म्हणाला, तर त्याच्या मनात ७५ असेल किंवा ९०. दुकानदाराच्या मनात तिसरंच काही असू शकतं. शेतकरी घरातल्यांना ही मापं पाइपलाइनमुळे पाठ असतात, तरीही चिठ्ठीवर मिमीच लिहा. "७५ मिमी, एसडब्ल्यूआर, टाइप बी."

त्या चिठ्ठीतल्या बाकीच्या दोन शब्दांनाही अर्थ आहे. एसडब्ल्यूआर म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांच्यासाठी बनवलेला पाइप. त्याचं भारतीय मानक आयएस १३५९२, आणि ते पाइपावरच छापलेलं असतं. यात दोन प्रकार येतात. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला. टाइप बी जाड असतो, तो मैल्याला आणि सांडपाण्याला. ११० मिमीच्या टाइप ए ची जाडी किमान २.२ मिमी असते, टाइप बी ची ३.२ मिमी. दोन्ही दिसायला सारखेच. कोब्याखाली टाइप ए गेला तर वरून भरणी ठोकताना तो दबून चपटा होण्याची भीती असते. माल साइटवर आला की पाइपावरची छपाई स्वतः वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेतीचा चार केजी दाबाचा पाइप उरलाय, तोच वापरू का, असं गावाकडे हमखास विचारतात. पाइप एकवेळ जाईल. खोट फिटिंगमध्ये आहे. पाणीपुरवठ्याचा एल्बो आतून एकदम काटकोनात वळतो, कारण त्यातून दाबाखालचं स्वच्छ पाणी जायचं असतं. ड्रेनेजचा बेंड गोलाईने वळतो, आणि त्याच्या टी ला आत वाहत्या दिशेची वळणी असते. मैला आणि केस त्या वळणीमुळे सरकतात. मामांच्या पाइपात ते दोन एल्बो पाणीपुरवठ्याचेच होते.

पायरी ३: एकेका ठिकाणाचं माप

आता बाथरूममध्ये उभं राहून एकेका वस्तूकडे बघा.

कमोड. इथे चर्चा नाही, ११० मिमी. कमोडच्या पोटातून बाहेर येणारं तोंडच साधारण १०० मिमीच्या पाइपासाठी घडवलेलं असतं, आणि तिथून रस्त्यापर्यंत कुठेही त्याहून लहान पाइप येता कामा नये. भारतीय पद्धतीच्या पॅनलाही हेच माप.

बेसिन. बेसिनखालचं वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅप ३२ मिमीचे असतात, म्हणून भिंतीतही ३२ चाच पाइप घालायचा मोह होतो. दाढीचे केस, टूथपेस्टचा फेस, पान-सुपारी खाणाऱ्यांच्या घरातल्या चुळा, हे सगळं त्यातून जायचं आहे. भिंतीत ४० घाला, आणि अंतर चार-पाच फुटांच्या पुढे असेल तर ५०. किमतीत फरक अगदी थोडा पडतो.

वॉशिंग मशीन. ५० मिमीचा उभा पाइप, खाली ट्रॅप, आणि मशीनची नळी त्यात नुसती सोडलेली. नळीभोवती सिमेंट किंवा सिलिकॉन भरून ते तोंड बंद करू नका, हवा लागते. मशीनचा पंप पाणी जोरात फेकतो आणि सोबत फेस असतो. ४० मिमीत तो फेस वर उसळतो.

आता न्हाणी. इथे जरा थांबते, कारण घोळ इथेच होतो. शॉवरसाठी ५० मिमी पुरतो असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल, आणि जिथे नुसताच शॉवर वापरतात तिथे ते खरंही आहे. साधा शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सोडतो. पण आपण बादली वापरतो. आंघोळ झाली की बादलीतलं उरलेलं पाणी आपण एकदम ओततो. फरशी धुताना तर भरलेली बादलीच भिरकावतो. पंधरा लिटर पाणी पाच सेकंदांत ओतलं, तर त्या पाच सेकंदांपुरता वेग झाला मिनिटाला १८० लिटर. शॉवरच्या पंधरा-अठरा पट. त्यातलं थोडं पाणी फरशीवर थबकतं आणि सावकाश उतरतं हे खरं, तरी पाइपाला झटका बसतोच. त्यात लांब केस, शिकेकाईचा किंवा उटण्याचा चोथा, आणि बोअरचं जड पाणी. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि चिकट साका जास्त बसतो. तो साका पाइपाला आतून अस्तर लावल्यासारखा धरतो. म्हणून नहाणी ट्रॅपमधून निघणारा पाइप ७५ मिमी घ्या. टाइप बी च्या ७५ मिमी पाइपाचं आतलं तोंड सुमारे ६८ मिमी भरतं, ५० चं सुमारे ४३. क्षेत्रफळ काढलंत तर जवळपास अडीच पट जागा मिळते.

ट्रॅप घेताना त्यातलं पाणी किती खोल उभं राहतं ते बघा. किमान ५० मिमी हवं, त्या पाण्यानेच गटाराचा वास अडतो. उथळ ट्रॅप स्वस्त मिळतात, पण उन्हाळ्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आलात की घरभर वास. मल्टिफ्लोअर ट्रॅप म्हणून एक प्रकार मिळतो, त्याला बाजूने ५० मिमीची तोंडं असतात. बेसिनचा पाइप त्यातल्या एकात सोडता येतो, म्हणजे रोज चूळ भरली तरी ट्रॅप भरलेला राहतो. मला ही जोडणी आवडते. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये तर करावीच.

पायरी ४: बेरीज करून बघा

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये प्रत्येक वस्तूला सांडपाण्याचे गुण दिलेले आहेत, त्यांना फिक्स्चर युनिट म्हणतात. एक युनिट म्हणजे साधारण मिनिटाला २८ लिटर. टाकीवाल्या कमोडला ४, बेसिनला १, घरगुती शॉवरला २, फ्लोअर ट्रॅपला, म्हणजे नहाणी ट्रॅपला, १. आपल्या बाथरूमची बेरीज झाली ८. मशीनचे दोन-तीन धरा, म्हणजे १० ते ११.

त्याच कोडमध्ये आडव्या पाइपाला किती युनिट झेपतात तेही आहे. ४० मिमीला ३, ५० ला ६, ७५ ला २० आणि १०० ला १६०. (कोडमधली मापं आतल्या व्यासाच्या हिशेबाने आहेत. आपला ११० म्हणजे तिथला १००. आपला ७५ त्यांच्या ६५ च्या जवळ जातो, आणि ६५ ला १२ युनिट झेपतात.)

हे आकडे बघून माझ्या भाच्याने विचारलं होतं, "अगं मावशी, मग अख्खी बाथरूम ७५ मध्ये बसते की!" पाण्याच्या हिशेबाने बसते. कमोडला ११० लागतो तो पाण्यासाठी नाही, मैला न अडकता जाण्यासाठी लागतो. आणि दुसऱ्या टोकाला, ११० ला १६० युनिट झेपतात म्हणजे एका घराच्या चार बाथरूम त्यात सहज मावतात. "वरच्या मजल्याला १६० मिमीच घाला, कधी तुंबणार नाही" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. आजकालच्या कमोडला एका फ्लशला सहा लिटर पाणी असतं, अर्ध्या बटणाला तीन. एवढंसं पाणी मोठ्या पाइपात पसरून पातळ होतं, पुढे निघून जातं आणि घट्ट ते मागे राहतं. अरुंद पाइपात तेच पाणी उंच चालतं आणि सगळं वाहून नेतं.

बादलीचा हिशेब या युनिटांना लावून बघा. मिनिटाला १८० लिटर म्हणजे साडेसहाच्या जवळ युनिट. कोडमधल्या ५० ला झेपतात ६, तेही पाइप नवा, मोकळा आणि नीट उताराचा असेल तर, आणि आपला ५० आतून ४३ च भरतो. मामांच्या न्हाणीचा पाइप पहिल्या दिवसापासून अपुरा होता.

पायरी ५: उतार, आणि त्यासाठी लागणारी खोली

पाइप योग्य मापाचा आणि उतार चुकीचा, तर तो पाइप योग्य मापाचा नाहीच. बाथरूममधल्या आडव्या पाइपांना फुटाला दोन ते अडीच सूत ढाळ द्या. इंचाचे आठ सूत, तेव्हा दहा फुटांना अडीच ते तीन इंच. मेट्रिकमध्ये सांगायचं तर ११० मिमीला चाळीसास एक, म्हणजे मीटरला २५ मिमी. १६० मिमीला साठास एक पुरतो. याहून फार कमी दिला तर गाळ बसतो. पाइप घसरगुंडीसारखा उभा केला तरी मैला मागे ठेवून पाणी पुढे पळतं, असा अनुभव आहे. जिथे खूप खाली उतरायचं असेल तिथे आडवा पाइप ठरल्या ढाळाने न्या आणि उरलेली उंची उभ्या पाइपात उतरवा.

ढाळ डोळ्याने ठरवू देऊ नका. पाणसळ दोन फुटांची असेल तर तिच्या खालच्या टोकाखाली चार-पाच सुतांची चकती ठेवा. बुडबुडा मधे आला की ढाळ बरोबर. लांब लाइनला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघा. आणि पाइपाखाली फक्त दोन टोकांना विटेचे तुकडे देऊन मधे पोकळी सोडलेली नाही ना, हेही वाकून बघा. भरणीच्या वजनाने पाइप मधे झोळतो आणि त्या झोळात पाणी साचून राहतं.

आता स्लॅब. वरच्या मजल्यावर बाथरूमचा स्लॅब खाली घेतात, त्याला आपल्याकडे सन्क म्हणतात. किती सन्क हवा ते असं काढा. समजा कमोड शाफ्टपासून ८ फुटांवर, म्हणजे सुमारे २.४ मीटरवर आहे. ढाळाला लागले ६० मिमी. पाइपाचे स्वतःचे ११०. खाली वॉटरप्रूफिंगचा थर ५०, पाइपावर आच्छादन ३०, वर माल आणि फरशी ५०. बेरीज ३०० मिमी, म्हणजे एक फूट. जमिनीवर बसणाऱ्या पाश्चात्त्य कमोडला एवढं पुरतं. भारतीय पॅन बसवायचं असेल तर त्याचा ट्रॅपही खालीच बसतो, तेव्हा दीड फूट लागतो. आणि कमोड भिंतीतून मागे पाणी सोडणारं, म्हणजे पी ट्रॅपचं असेल आणि मागेच शाफ्ट असेल, तर फक्त नहाणी ट्रॅपची उंची सांभाळायची, आठ-दहा इंचांत भागतं. ज्या ट्रॅपचं नक्की केलंय तो हातात घेऊन उंची मोजा, कंपनीगणिक फरक असतो.

हे सगळं स्लॅबचं सेंटरिंग लागण्याआधी ठरायला हवं. इंजिनिअरने नेहमीच्या सवयीने आठ इंच सन्क दाखवला आणि तुम्ही नंतर आईसाठी भारतीय पॅन बसवायचं म्हणालात, तर बाथरूममध्ये दहा इंचांचा ओटा येतो. म्हाताऱ्या माणसाला तो रोज चढावा लागतो.

जुन्या सपाट स्लॅबवर नवीन बाथरूम काढणार असाल तर दोनच वाटा उरतात. फरशी उंच घ्या आणि दारात पायरी करा, किंवा स्लॅबला भोकं पाडून पाइप खालच्या खोलीच्या छताखालून न्या आणि फॉल्स सीलिंगने झाका. दुसऱ्या वाटेला भोकं कुठे पाडायची ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. बीम तर चुकूनही फोडायची नाही.

कमोडचं आणखी एक माप सांगते, ते पुष्कळांचं चुकतं. एस ट्रॅपच्या, म्हणजे खाली फरशीत पाणी सोडणाऱ्या, कमोडला भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, बहुतेक ९ इंच किंवा १२ इंच. हे अंतर टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं. प्लंबर पाइप टाकतो तेव्हा समोर नुसती वीट असते. प्लास्टर आणि टाइल मिळून इंचभर तरी पुढे येतं. तो इंच धरला नाही तर कमोड भिंतीला टेकतं किंवा कनेक्टर तिरका बसतो. कमोड आधी निवडा, पाइप नंतर.

पायरी ६: वळणं

आडव्या पाइपात ९० चा एक बेंड नको, ४५ चे दोन घ्या. दोन आडव्या लाइनी मिळवताना टी ऐवजी वाय (तिरकं मिळणारं फिटिंग) घ्या, तोंड वाहत्या दिशेला. मला साइटवर ऐकू येतं, "ताई, एवढं चालतंय हो, टी ने पण पाणी जातंच की." जातं. वर्षभर जातं, दोन वर्षं जातं.

प्रत्येक वळणाशी, आणि विशेषतः शाफ्टमध्ये जिथे बाथरूमचा पाइप उभ्या पाइपाला मिळतो तिथे, झाकण असलेलं फिटिंग मागा. त्याला डोअर टी किंवा डोअर बेंड म्हणतात. ते दार भिंतीकडे तोंड करून बसवलेलं मी पाहिलंय. तिथे पाना जात नाही आणि हातही जात नाही. दार मोकळ्या बाजूला यावं.

जोडणीचं थोडक्यात सांगते. सन्कमधल्या, कायमच्या गाडल्या जाणाऱ्या पाइपांना सोल्युशनची जोडणी बरी. शाफ्टमधल्या उभ्या पाइपांना रबर रिंगची, कारण उन्हाने पाइप लांबतो आणि रिंगमध्ये त्याला सरकायला जागा मिळते. पाइप पूर्ण आत ढकलून मग साधारण एक सेंटिमीटर मागे घ्यायचा. रिंगला तेल लावू देऊ नका, साबणाचं पाणी किंवा त्याचं ठरलेलं लुब्रिकंटच लावायचं.

पायरी ७: शाफ्टमधला उभा पाइप आणि हवा

कमोडचा उभा पाइप ११० मिमी. साबणाचं पाणी वेगळं नेणार असाल तर त्याला दोन मजल्यांपर्यंत ७५ पुरतो. पुढेमागे वर आणखी बाथरूम काढायचा विचार असेल तर आत्ताच ११० टाका.

हा उभा पाइप वरच्या बाथरूमशी संपवायचा नाही. तसाच, त्याच मापाचा, गच्चीच्या वर न्यायचा आणि तोंडाला जाळीची टोपी बसवायची. वर हवा नसेल तर फ्लशचं पाणी खाली जाताना मागे ओढ निर्माण होते आणि ती ओढ न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी खेचून घेते. वर फ्लश केलं की खालच्या जाळीतून बुडबुड असा आवाज येतो, तो हाच. मग वास येतो आणि लोक फिनेल ओतत बसतात. टोपी खिडकीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि कठड्याहून उंच ठेवा.

गच्चीचं पावसाचं पाणी या पाइपात कधीही सोडू नका. शाफ्टमध्ये पाइप आयताच उभा असतो, त्यामुळे मिस्त्री ते जोडून मोकळा होतो. जुलैतल्या एखाद्या रात्री कोसळधार लागली की सगळ्या गच्चीचं पाणी त्या एका पाइपात शिरतं, खाली तुंबतं आणि तळमजल्याच्या न्हाणीतून वर येतं. पावसाला वेगळा पाइप, आणि त्याला टाइप ए चालतो.

तळमजल्याचं कमोड वरच्या उभ्या पाइपाला अगदी पायाशी जोडू नका, वेगळ्या ११० ने थेट चेंबरला न्या. उभ्या पाइपाच्या पायाशी पाणी आपटतं, तिथे दाब तयार होतो आणि शेजारच्या जोडणीतून उलटा येतो. पायाशी वळणही ४५ च्या दोन बेंडनी घ्यायचं.

पायरी ८: घराबाहेर

साबणाच्या पाण्याचा पाइप बाहेर गली ट्रॅपमध्ये (जमिनीतला, वास अडवणारा ट्रॅप) सोडा, कमोडचा थेट चेंबरमध्ये. जमिनीत गाडायला विटकरी रंगाचा वेगळा पाइप मिळतो, त्याचं मानक आयएस १५३२८. एका घराच्या लाइनला ११० मिमी पुरतो. दोन-तीन घरांचं पाणी एकत्र होत असेल तर तिथून पुढे १६०. जिथे दिशा बदलते तिथे चेंबर, आणि चेंबरच्या तळाशी अर्धगोल पाट करून घ्या. सपाट तळ ठेवला तर मैला तिथेच पसरून राहतो.

पायरी ९: कोबा पडण्याआधी

हा दिवस राखून ठेवा आणि स्वतः हजर राहा. शाफ्टच्या बाजूचं तोंड प्लगने बंद करून बाथरूमच्या लाइनी काठोकाठ भरा. पातळीला पेन्सिलने खूण करा. अर्ध्या तासात खूण हलली नाही तर चांगलं. मी रात्रभर ठेवते आणि सकाळी बघते. मग प्लग काढून एका बादलीत थोडी नीळ कालवा. कमोडच्या तोंडातून ती ओता आणि कुणाला तरी चेंबरपाशी उभं करा. निळं पाणी एका दमात यावं. ते गेल्यावर स्वच्छ पाणी ओता. ते बराच वेळ निळसर येत राहिलं तर कुठेतरी झोळ आहे, तो शोधूनच पुढे जायचं. दोन चेंबरांच्या मधल्या सरळ लाइनीतून आतल्या व्यासाहून बोटभर लहान असा रबरी चेंडू सोडून बघा. पाण्याच्या लोटासोबत तो गडगडत दुसऱ्या टोकाला आला पाहिजे. सिमेंटचा गोळा किंवा विटेचा तुकडा आत पडला असेल तर इथेच कळतो. काम चालू असताना उघडी तोंडं गोणपाटाने बंद केलेली नसतील, तर असं काहीतरी पडलेलं असतंच.

यानंतर फोटो. प्रत्येक वळणाशेजारी टेप उघडून ठेवा, दोन भिंतींपासूनचं अंतर फोटोत वाचता आलं पाहिजे. फोन बदलतात आणि फोटो हरवतात, म्हणून एका कागदावर साधा नकाशा काढून तीच मापं लिहून ठेवा. मामांनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात आहे: "ट्रॅप ते शाफ्ट, ७५ मिमी, लांबी ७ फूट, ढाळ दोन इंच. ४५ चे दोन बेंड. शाफ्टमध्ये डोअर टी, दार खिडकीच्या बाजूला, स्टूलवर उभं राहून हात पुरतो."